घरच्या शेतावर शेळ्या पाळून मटण थेट विकायचंय? मग उलट्या बाजूने, शेवटाकडून सुरुवात करा

आम्ही सगळं सरळ क्रमाने केलं. आधी गोठा बांधला, मग शेळ्या आणल्या, मग करडं झाली, वाढली, आणि एक दिवस नऊ बोकड तयार होऊन समोर उभे राहिले तेव्हा डोक्यात आलं की कापायचे कुठे, कापल्यावर मटण ठेवायचं कुठे आणि घेणार कोण, यातलं काहीच ठरलेलं नाही. शेवटी व्यापारी आला, त्याने एकेकाची पाठ चाचपली, एक आकडा बोलला आणि आम्ही मुकाट्याने हो म्हटलं. वर्षभराचं खाणं-पाणी, रात्रीची जागरणं, सगळं त्या एका चाचपण्यात गेलं.

म्हणून हे लिहितेय. मी शेळ्यांचंच सांगणार आहे कारण तेच केलंय, मेंढ्यांना यातलं बरंचसं लागू पडतं, कोंबड्यांचं मध्ये मध्ये येईल.

१. आधी गिऱ्हाईक, मग जनावर

एक वही घ्या आणि कोण कोण घेईल त्यांची नावं लिहा. "हो हो, आणा की, नक्की घेऊ" म्हणणारे धरायचे नाहीत. किती किलो, किती दिवसांनी आणि कोणता भाग, हे तिन्ही ज्याने सांगितलं तोच धरायचा. आमच्या पहिल्या यादीत चाळीस नावं होती, थोडा ॲडव्हान्स मागितल्यावर अकरा उरली. ती अकराच खरी.

कोणता भाग हे विचारायचं कारण असं की एका बोकडाला मागच्या मांड्या दोनच असतात. सगळ्यांना मांडीच हवी असते आणि मग मान, बरगड्या, पाये, मुंडी घरच्या फ्रीजरमध्ये साचत जातं. त्यामुळे नवीन असाल तर सुटे भाग विकायच्या भानगडीत पडू नका. अख्खा, अर्धा किंवा पाव हिस्सा असंच बुकिंग घ्या, आणि पाव हिश्शात मांडी, खांदा, बरगडी, मान सगळं थोडं थोडं मिसळून द्या. कलेजी, वजडी कोणाला हवीय ते बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, डिलिव्हरीच्या दिवशी दोघांनी एकच कलेजी मागितली की फार अवघड होतं.

२. कापायचं कुठे ते लेखी ठरवा

स्वतःच्या घरासाठी कापणं आणि विकण्यासाठी कापणं या कायद्याच्या नजरेत बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकण्यासाठी असेल तर सहसा मान्यताप्राप्त कत्तलखाना, कापण्याआधी जिवंत जनावराची आणि कापल्यावर मटणाची जनावरांच्या डॉक्टरकडून तपासणी, असं सगळं लागतं. जनावर जिवंत असतानाच त्यातला हिस्सा गिऱ्हाइकाला विकणं आणि मटण किलोवर विकणं यालाही कुठे कुठे वेगळे नियम असतात. "आमचे शेजारी असंच करतात" यावर जाऊ नका. संबंधित ऑफिसात जा, प्रश्न लिहून न्या आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या, कारण काउंटरवरचा माणूस बदलला की उत्तरही बदलतं, हे आम्ही भोगलंय.

बहुतेक ठिकाणी हे कागद कुठे ना कुठे मागतात, एका फाइलमध्ये ठेवा:

- ओळखपत्र आणि जागेचा कागद
- अन्नपदार्थ विक्रीचा परवाना किंवा नोंदणी
- जनावरांच्या कानातल्या टॅगचे नंबर आणि खरेदीच्या पावत्या
- लसीकरणाची आणि औषधांची नोंदवही
- वाहतुकीचा दाखला, लागत असेल तर
- कत्तलखान्याची पावती आणि तपासणीचा शिक्का किंवा दाखला
- वजनकाटा तपासून घेतल्याचं प्रमाणपत्र

कत्तलखान्याला फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: एका वेळी किमान किती जनावरं घेता, तारीख किती आधी बुक करावी लागते, आणि कापल्यावर चिलरमध्ये (न गोठवता गार ठेवणाऱ्या खोलीत) ठेवू देता का. तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि खरी गोम तिथेच असते. का ते पुढे दहाव्या पायरीत येईल.

३. आता कॅलेंडर मागे फिरवा

शेळी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत साधारण १५० दिवस. करडू जन्मल्यापासून कापण्याजोगं व्हायला जात आणि खुराकाप्रमाणे ८ ते १२ महिने. म्हणजे विक्रीची तारीख धरून मागे मोजलं तर तेरा ते सतरा महिने आधी शेळी बोकडाला दाखवलेली पाहिजे. आज शेळ्या आणून सहा महिन्यांत मटण विकू असं डोक्यात असेल तर दूध सुटलेली करडं विकत घ्या आणि फक्त वाढवा. पहिल्या वर्षी मी तर हेच सांगेन, कारण विणं, अडलेली शेळी, थंडीत गारठलेलं करडू हे सगळं पहिल्याच वर्षी अंगावर घ्यायची गरज नाही.

अजून लवकर शिकायचं असेल तर ब्रॉयलर कोंबड्यांची एक छोटी बॅच करा. सहा-सात आठवड्यांत पिल्लापासून गिऱ्हाइकापर्यंत अख्खं चक्र फिरतं आणि सगळ्या चुका स्वस्तात करून होतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. दिवा नुसता दोरीला टांगू नका, साखळीने दोन ठिकाणी बांधा, भुशावर पडला की आग लागते.

४. वजनाचं गणित, इथे सगळे फसतात

३० किलोचा बोकड म्हणजे ३० किलो मटण नाही, हे सगळ्यांना माहीत असतं पण हिशोब करताना सगळेच विसरतात. शेळीत जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के हाती लागतं, म्हणजे हाडासकट १४ किलोच्या आसपास. पोट भरलेलं असताना वजन केलं तर टक्केवारी अजून खाली दिसते. चिलरमध्ये पाणी उडून अजून दोन-तीन टक्के जातात. कोंबडीत ७० टक्क्यांच्या आसपास मिळतं.

काटा नसेल तर साध्या टेपने अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या, घेर गुणिले घेर गुणिले लांबी आणि भागिले ६६०. घेर ३० आणि लांबी २४ असेल तर ३२ ते ३३ किलो येतात. अंदाजच आहे, विक्रीला वापरू नका, पण व्यापारी समोर उभा असताना फार उपयोगी पडतो.

भाव काढताना एकूण खर्चाला विकलेल्या किलोंनी भागायचं. खर्चात मेलेली करडं, त्यांच्या आईचं, म्हणजे शेळीचं, वर्षभराचं खाणं, औषधं, गाडीचं तेल, कत्तलखान्याची फी, पिशव्या, बर्फ आणि तुमचा स्वतःचा वेळ हे सगळं आलं पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी फक्त खुराक धरला होता, म्हणून नफा छान दिसत होता आणि पैसे मात्र कुठे दिसत नव्हते.

५. जनावर आणताना

विकणाऱ्याच्या घरी जा, बाजारातून घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी. बाजारात दहा ठिकाणची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी असतात. शेपटीखाली बघा, घाण चिकटलेली असेल तर हगवण आहे. नाक, डोळे, खुरं, जबड्याखाली गाठ किंवा सूज, सगळं बघा. शेळी रवंथ करत निवांत बसलेली असेल तर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

आणल्यावर किमान तीन आठवडे वेगळं ठेवा, जमलं तर महिना. वेगळं म्हणजे मध्ये जाळी लावून शेजारी नव्हे. गव्हाण वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं आणि त्यांच्यात जायचं ते सगळ्यात शेवटी. हे आम्ही एकदा टाळलं, "दिसतायत तर चांगल्या" म्हणून, आणि तिसऱ्या आठवड्यात अख्खा गोठा तोंड आलेला, ओठांवर खपल्या, करडं आचळाला तोंड लावेनात. शिवाय तो संसर्ग हाताळणाऱ्या माणसालाही होतो, माझ्या बोटावर आला होता.

६. गोठा आणि चारा

गोठ्यावर जास्त खर्च करू नका. कोरडी जमीन, वरून पाणी गळायला नको, वारा खेळता पण झोत अंगावर नको, मोठ्या शेळीला १० ते १५ चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा. बस.

खाण्याचं थोडं नीट सांगते. शेळीला रोज वजनाच्या ३ ते ४ टक्के कोरडं खाद्य लागतं, पाणी वगळून मोजलेलं. ३० किलोच्या शेळीला म्हणजे किलोभर किंवा थोडं वर. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे चार किलो हिरवं घातलं तरी आत एक किलोही कोरडं जात नाही. "एवढं खातात तरी अंग धरत नाहीत" याचं कारण बरेचदा हेच असतं. सुका चारा कायम समोर असू द्या.

दुसरा सापळा म्हणजे विक्री जवळ आली की धान्य वाढवणं. एकदम वाढवलं की पोटात आम्ल होतं, जनावर खाली बसतं आणि दोन दिवसांत जातं. कोणताही बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करायचा. आणि धान्याच्या गोणीचं तोंड नीट बांधायचं, शेळीला गाठ सोडता येते, हसू नका, आमच्या एका शेळीने सोडली होती.

मेंढ्या आणि शेळ्या एकत्र असतील तर शेळ्यांचं खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नका. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला तेवढं तांबं विषारी ठरतं.

७. करडं

जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या २४ तासांत करडाच्या वजनाचा दहावा हिस्सा. अडीच किलोचं करडू असेल तर पाव लिटर, तीन-चार वेळा विभागून. उशीर झाला की चिकातली रोगाशी लढायची ताकद आतडं शोषून घेत नाही, मग नंतर कितीही पाजा.

नर खच्ची करायचे का? वयात आलेल्या बोकडाला माजाच्या दिवसांत उग्र वास येतो आणि तो मटणातही जाणवू शकतो. लवकर कापणार असाल तर गरज नाही. खच्ची केलेल्यांना मात्र धान्य जपून द्या, त्यांना मूतखडा अडकायचा धोका जास्त. बोकड पाठ वाकवून जोर करतोय आणि थेंब थेंबच येतंय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर.

आणि नावं ठेवू नका असं सगळे सांगतात. आम्हीही ठरवलं होतं, फक्त नंबर. माझी मुलगी सहा महिन्यांनी "सतरा नंबर कुठाय" म्हणून रडत होती. त्यामुळे घरातल्यांशी, पोरांशी आधीच मोकळं बोला, पळवाट नाही.

८. आजार: वही आणि अंगठा

वही म्हणजे कोणत्या टॅगला कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला. प्रत्येक औषधाला एक थांबण्याचा काळ असतो, तेवढे दिवस ते मांसात राहतं आणि तोपर्यंत कापायचं नाही. तो लेबलवर असतो, पण बरीच औषधं गाई-म्हशींसाठी छापलेली असतात आणि शेळीला तो काळ वेगळा असू शकतो, म्हणून डॉक्टरलाच विचारा आणि वहीत "या तारखेआधी कापू नये" असं लाल पेनाने लिहा. कापायची तारीख ठरली की आधी वही उघडायची.

अंगठा म्हणजे असं. एका हाताने शेळीचं डोकं धरा, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढा, आणि उजेडात आतला रंग बघा. लालबुंद किंवा गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढरट, भिंतीला चुना लावल्यासारखा असेल तर पोटातले रक्त पिणारे जंत तिला खातायत. दर दोन-तीन आठवड्यांनी, पावसाळी दिवसांत अजून लवकर, सगळ्यांचे डोळे असे बघायचे आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच जंताचं औषध द्यायचं. सगळ्यांना सारखं सारखं देत राहिलं की जंतच त्या औषधाला जुमानेनासे होतात. कमी डोस दिला तरी तेच होतं, म्हणून वजन करून द्या. सकाळी दव असताना चरायला सोडू नका, जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढलेली असतात.

लसी कोणत्या ते तुमच्या डॉक्टरला विचारा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यात जंतूंचं विष होणारा आजार) ही दोन नावं बहुतेक ऐकू येतील. आंत्रविषाराची पहिल्यांदा दिली की तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तो बरेच जण विसरतात आणि मग लसच खराब होती म्हणतात.

एक कडक नियम. चांगलं चालतं-बोलतं जनावर अचानक मेलं आणि नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला फाडू नका, कापू नका, कुणाला देऊ नका. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो, माणसाला होतो आणि त्याचे जंतू जमिनीत अनेक वर्षं राहतात. डॉक्टरला फोन करा. तसंच गाभडलेलं करडू, वार वगैरे हातमोजे घालूनच उचला आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला विणाऱ्या शेळीपासून लांब ठेवा.

९. शेवटचे २४ तास

वर्षभर केलेलं या एका दिवसात वाया जाऊ शकतं. कापण्याआधी १२ ते २४ तास खायला बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत समोर. पोट रिकामं असलं की कापताना आतडं फाटून घाण मटणाला लागायची शक्यता कमी होते. कोंबड्यांना ८ ते १२ तास पुरतात.

दुसरं म्हणजे जनावर घाबरवायचं नाही. आमची पहिली खेप मी विसरणार नाही. भाड्याच्या टेम्पोत अनोळखी बोकडांबरोबर पाच बोकड कोंबले, वाटेत टकरा झाल्या, उतरवताना एकाला कान धरून ओढला, आणि तिथे गेल्या गेल्या कापायला घेतले. एकाचं मटण बघितलं तर गडद, जवळजवळ जांभळट, हाताला चिकट. कटिंगवाला म्हणाला, "ताई, हा दमून आलेला." मला वाटलं आजारी होता. तसं नसतं. जिवंत स्नायूत साखरेचा साठा असतो, कापल्यावर त्याचं आम्ल होतं आणि मटणाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) ७ वरून साडेपाचच्या आसपास येतो, त्यानेच रंग, चव आणि टिकाऊपणा येतो. जनावर भांडून, पळून, घाबरून तो साठा आधीच संपवून आलं तर आम्ल होतच नाही, मटण काळपट राहतं आणि लवकर खराब होतं.

आता आम्ही आदल्या संध्याकाळीच नेतो, एकाच कळपातले एकत्र, टेम्पोत खाली गवत पसरून, आणि रात्रभर तिथे शांत राहू देतो. कान, शिंग, लोकर धरून ओढायचं नाही, पकडलेल्या जागी मटणात रक्त साकळतं.

१०. कापल्यावर घाई नको

ताजं गरम मटण लगेच डीप फ्रीजरमध्ये कोंबणं ही सगळ्यात कॉमन चूक. शेळीचं धड लहान, वर चरबीचा थर पातळ, त्यामुळे ते पटकन गार होतं आणि स्नायू आखडून बसतात, मग कितीही शिजवा, चिवटच. पहिल्या दहा तासांत मांस १० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही हा जुना ठोकताळा आहे. त्यानंतर ४ अंशांच्या आत आणायचं आणि एकूण किमान २४ तास लटकवून ठेवायचं. हे घरी जमत नाही, उघड्यावर तर अजिबात नको, म्हणूनच चिलरचा प्रश्न आधी विचारायचा. चिलर मिळतच नसेल तर स्पष्ट ठरवा की त्याच दिवशी काही तासांत सगळं मटण गिऱ्हाइकाच्या हातात जाईल. अर्धवट गार मटण डिकीत घेऊन दिवसभर फिरणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

फ्रोझन विकणार असाल तर असं लटकवून झाल्यावर पॅक करा, चपट्या पिशव्या, हवा काढून, आणि उणे १८ अंशांवर. घरच्या फ्रीजरमध्ये एकदम वीस किलो घातलं तर मधल्या पिशव्या दुसऱ्या दिवशीही मऊ असतात, म्हणून थोडं थोडं घाला.

पिशवीवर वजन, कापल्याची आणि पॅक केल्याची तारीख, टॅग किंवा बॅच नंबर, कसं साठवायचं ते, आणि परवान्याचा नंबर लागत असेल तर तो. टॅग नंबरचा फायदा असा की कोणी "यावेळचं चिवट होतं" म्हटलं तर वही उघडून तो बोकड कोणता, किती महिन्यांचा, कधी नेला होता ते लगेच कळतं.

११. डिलिव्हरीचा दिवस

आईस बॉक्स दोन ठेवा, एक उघडझाप करायला आणि एक बंद. आत साधा थर्मामीटर टाका. काटा सोबत ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर वजन करा, बुकिंग अंदाजाने घेतलेलं असलं तरी पैसे नेमक्या वजनाचे घ्या. जो फोन उचलत नाही त्याचा हिस्सा कोणाला द्यायचा हे आधीच ठरवून ठेवा, आमच्याकडे वहीच्या शेवटच्या पानावर वेटिंगची तीन नावं कायम असतात. आणि पैसे घेतानाच पुढच्या तारखेचं बुकिंग लिहून घ्या, कारण पुढचा बोकड ज्या शेळीच्या पोटी यायचाय तिला कधी दाखवायची ते त्या तारखेवरच ठरणार आहे.